क्यूब पास, काँक्रीट नापास

काँक्रीट स्वीकारायचे की नाकारायचे, हा निर्णय जवळपास सगळीकडे एकाच आकड्यावर होतो. ओतताना नमुना घ्यायचा, त्याचे क्यूब किंवा सिलिंडर भरायचे, २८ दिवस पाण्यात ठेवायचे आणि यंत्राखाली फोडायचे. टाकीतले पाणी मानकानुसार २० किंवा २७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचे असते आणि दोन-तीन अंशांच्या वर ते हलू द्यायचे नसते. ज्या काँक्रीटला पुढची पन्नास वर्षे रोज तापायचे आणि रोज निवायचे आहे, त्याची परीक्षा आपण तापमान स्थिर ठेवून घेतो.

क्यूबची चाचणी निरुपयोगी आहे, असे इथे म्हणायचे नाही. दाब सोसण्याची ताकद मोजायला तिच्याइतकी सोपी आणि भरवशाची दुसरी चाचणी नाही. आक्षेप तिच्यावरून पैसे देण्याच्या पद्धतीला आहे. सार्वजनिक पैशातून होणारे रस्ते, पूल, टाक्या आणि इमारती यांची बिले केवळ या आकड्यावर मंजूर होतात, तेव्हा काँक्रीट बनवणारा अशा मिश्रणाकडे ढकलला जातो जे तापमानाच्या चढउतारात लवकर खराब होते. क्यूबमध्ये उत्तम आणि जागेवर अल्पायुषी, असे काँक्रीट बनवणे अगदी शक्य आहे. सध्याची व्यवस्था त्याचेच पैसे देते.

तापमानाचा हिशेब साधा आहे. एक अंश तापमान बदलले की एक मीटर काँक्रीट साधारण ०.०१ मिलिमीटर लांब किंवा आखूड होते. वीस मीटर लांबीचा गच्चीचा स्लॅब सरासरी ३० अंशांनी तापला तर ६ मिलिमीटर वाढतो, दोन्ही टोकांना तीन-तीन. मोकळा असेल तर त्याला काही होत नाही. पण तो मोकळा कधीच नसतो. खाली भिंत असते, कडेला बीम असतो, जमिनीवरच्या फरशीला तळाचे घर्षण असते, आणि सर्वात मोठी अडवणूक म्हणजे त्याच काँक्रीटचा आतला, अजून न तापलेला भाग. हालचाल पूर्णपणे अडली तर १० अंशांच्या घसरणीने सुमारे ३ मेगापास्कल ताण निर्माण होतो. नेहमीच्या काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद अडीच ते साडेतीन मेगापास्कल असते. दहा अंश म्हणजे काहीच नाही. उन्हात तापलेल्या पृष्ठभागावर पावसाची सर आली की अर्ध्या तासात वरचा थर त्याहून जास्त उतरतो.

प्रत्येक सरीला प्रत्येक स्लॅब फुटत नाही, कारण काँक्रीट हळूहळू सैलावते. सतत ताणाखाली ते किंचित वाहते आणि ताण कमी करून घेते. ऋतूंबरोबर सावकाश येणारा बदल त्यामुळे पुष्कळसा पचतो. झटक्याने आलेला पचत नाही. त्या वेळी पडणाऱ्या भेगा डोळ्यांना दिसतीलच असे नाही. त्या बहुतेक वेळा खडी आणि सिमेंटचा लगदा जिथे चिकटलेले असतात त्या सीमेवर पडतात. हीच काँक्रीटमधली सर्वात दुबळी आणि सच्छिद्र जागा. तापण्या-निवण्याच्या पुढच्या फेऱ्यात भेग थोडी पुढे सरकते, शेजारच्या भेगेला मिळते आणि पाण्याला वाट तयार होते. क्यूब दाबला जातो तेव्हा अशा बारीक भेगांपैकी बऱ्याच मिटतात. म्हणूनच दाबाची ताकद फारशी न घटताही काँक्रीट पाणी पिऊ लागलेले असू शकते.

खडी आणि लगदा वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. चुनखडीची खडी कमी, क्वार्टझाइटची बरीच जास्त, ग्रॅनाइट आणि बेसाल्टची या दोन्हींच्या दरम्यान. त्यामुळे चुनखडीच्या काँक्रीटचा प्रसरणांक दर अंशाला दशलक्षात ७ च्या आसपास असतो, तर क्वार्टझाइटच्या काँक्रीटचा १२ पर्यंत जातो. तोच स्लॅब, तेवढेच सिमेंट, तेवढेच पाणी, क्यूबचा आकडाही तोच, पण हालचाल आणि ताण दीडपटीहून अधिक. हा आकडा मोजता येतो. ओला सिलिंडर १० ते ५० अंशांच्या दरम्यान तापवून-निववून त्याची लांबी मोजायची, एवढेच काम. तरीही मिश्रणाचे प्रमाण ठरवणाऱ्या मिक्स डिझाइनच्या बहुसंख्य कागदांत तो नसतो. खाणीवरून कुठली खडी आली त्यावर सांध्यांचे, म्हणजे स्लॅब ठरल्या रेषेवर फुटावा म्हणून मुद्दाम कापलेल्या खाचांचे, अंतर ठरायला हवे. प्रत्यक्षात ते मागच्या कामाच्या नकाशावरून उतरवले जाते.

भेगा दिसल्या की पहिली मागणी होते ती ग्रेड, म्हणजे क्यूबच्या ताकदीचा वर्ग, वाढवण्याची. अभियंत्यांच्या बैठकीत, लोकप्रतिनिधींच्या प्रश्नांत, वर्तमानपत्रांत, सगळीकडे मजबूत काँक्रीट म्हणजे टिकाऊ काँक्रीट असे गृहीत धरलेले असते. ही समजूत तपासून पाहायलाच हवी, कारण तापमानाच्या बाबतीत ती बरीचशी उलटी आहे.

ग्रेड वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे सिमेंट वाढवणे. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या दर १०० किलोमागे एक घनमीटर काँक्रीटचे तापमान, उष्णता बाहेर जाऊ दिली नाही तर, ढोबळमानाने १२ अंशांनी चढते. घनमीटरला ३०० किलो सिमेंट असेल तर ३६ अंश, ४५० किलो असेल तर ५४. ओतताना काँक्रीट ३० अंशांवर असेल, तर जाड पायाच्या किंवा पुलाच्या खांबाच्या गाभ्यात दुसऱ्या बाबतीत ८० च्या वर पारा जातो. बाहेरची बाजू शटरिंग काढताच थंड होते आणि आकसू पाहते. गरम गाभा तिला आकसू देत नाही. पृष्ठभागावर तडे जातात. पुढे गाभाही थंड होतो, पण तोवर काँक्रीट कडक झालेले असते आणि खालचा जुना भाग त्याला धरून ठेवतो. मग आरपार तडा जातो. म्हणून गाभा आणि पृष्ठभाग यांच्यातला फरक साधारण २० अंशांच्या आत आणि गाभ्याचे कमाल तापमान ७० अंशांच्या आत ठेवावे, असा संकेत आहे. सत्तर ओलांडले तर आणखी एक धोका असतो. सिमेंट घट्ट होताना सुरुवातीलाच तयार व्हायचे एट्रिंगाइट नावाचे संयुग त्या वेळी नीट बनत नाही आणि पुढे ओलावा मिळत राहिला की वर्षांनंतर कडक काँक्रीटच्या आत वाढून त्याला फुगवते. वाफेवर क्युअर केलेल्या रेल्वे स्लीपरमध्ये हे नुकसान दिसलेले आहे, आणि त्या स्लीपरची सुरुवातीची ताकद उत्तम होती.

ग्रेड वाढली की काँक्रीट ताठरही होते. तेवढ्याच अडलेल्या हालचालीला जास्त ताण येतो, आणि सैलावण्याची क्षमता घटते. ताण सोसण्याची ताकद मात्र दाबाच्या ताकदीच्या प्रमाणात वाढत नाही. दाबाची ताकद दुप्पट झाली तरी ती साधारण दीडपटीच्या आसपासच राहते. शिवाय लगदा जास्त असल्याने सुकताना आकसणेही वाढते. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. पाणी कमी करून, खडीची प्रतवारी सुधारून, सिमेंटचा काही भाग फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्राची राख) किंवा स्लॅगने (लोखंडाच्या भट्टीच्या मळीने) बदलून ताकद मिळवली तर गोष्ट वेगळी. त्यात उष्णता कमी आणि लगदा घट्ट. पण अशा मिश्रणाची ताकद सावकाश येते. २८ व्या दिवशी ते मागे दिसते, ५६ किंवा ९० व्या दिवशी बरोबरीला येते वा पुढे जाते. बिलाची तारीख २८ व्या दिवसाला बांधलेली असेल, तर कंत्राटदार ते का वापरेल?

मोठ्या कामांनी ही समस्या फार पूर्वी ओळखली होती. अमेरिकेतले हूवर धरण १९३० च्या दशकात बांधताना काँक्रीट एकसंध न ओतता ठोकळ्यांत ओतले, एका वेळी सुमारे दीड मीटर उंचीचा थर, आणि प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पोलादी नळ्या टाकून त्यांतून आधी नदीचे आणि मग यंत्राने थंड केलेले पाणी फिरवले. ठोकळे निवून आकसल्यावर मधल्या सांध्यांत ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंट, भरले. थंड होणे टाळता येत नाही, तेव्हा ते आधीच करून घ्यायचे, ही त्यामागची बुद्धी. धरणाला जे कळले ते पाणीपुरवठ्याच्या टाकीच्या दीड मीटर जाड पायालाही तितकेच लागू आहे, पण तिथे तापमान मोजायची साधी तारही बसवलेली नसते.

जमिनीवरच्या स्लॅबची कहाणी निराळी आहे. दिवसा वरची बाजू तापते, खालची थंड असते, आणि स्लॅब मधोमध उचलला जाऊ पाहतो. रात्री उलटे होते, कडा उचलल्या जातात. २०० मिलिमीटर जाड स्लॅबच्या वरच्या आणि खालच्या बाजूंत १० अंशांचा फरक असेल, तर साडेचार मीटरच्या तुकड्याची कड, वजनाने दाबली गेली नाही तर, सव्वा मिलिमीटरने उचलली जाईल. तुकडा नऊ मीटरचा असेल तर पाच मिलिमीटरने. लांबी दुप्पट केली की उचल चौपट होते. प्रत्यक्षात स्लॅबचे वजन तिला खाली दाबते आणि ती दाबलेली उचलच ताण बनून स्लॅबमध्ये राहते. त्याच क्षणी त्या कडेवरून जड ट्रक गेला, तर दोन्ही ताणांची बेरीज होते आणि कोपरा तुटतो. अभियंते वेस्टरगार्ड यांनी हे गणित १९२० च्या दशकातच मांडून ठेवले आहे.

म्हणून सांधे जवळ घ्यायचे. जाडीच्या २४ ते ३० पट अंतर हा ढोबळ नियम. १५० मिलिमीटरच्या स्लॅबला साडेतीन ते साडेचार मीटर. तुकडा शक्यतो चौरस. काप जाडीच्या चौथा ते तिसरा हिस्सा खोल, आणि वेळेवर. वेळ हीच इथली खरी अडचण आहे. कटर फार लवकर चालवला तर कडेची खडी उखडते, फार उशीर केला तर रात्रीच्या गारव्याने स्लॅब आपली भेग आपणच, हवी तिथे पाडून मोकळा होतो. हवामानानुसार ही संधी ओतल्यापासून चार ते बारा तासांत येते. दुपारी ओतलेल्या कामाची ती मध्यरात्री येते, जेव्हा जागेवर कोणी नसते. सकाळी कामगार येऊन भेगेच्या शेजारी सरळ काप मारतात आणि नोंदीत सांधा कापल्याचे लिहिले जाते.

सांधा भरण्याचेही तसेच. साडेचार मीटरच्या तुकड्यांमधला सांधा ४० अंशांच्या वार्षिक फरकाला १.८ मिलिमीटर हलतो. सांधा ६ मिलिमीटर रुंद असेल आणि सीलंट (सांधा बंद करणारा लवचिक पदार्थ) अधिक-उणे २५ टक्के हालचाल सोसणारे असेल, तर मधल्या तापमानाला भरल्यास दोन्ही बाजूंना १५-१५ टक्के हालचाल होते, सीलंट टिकते. भर उन्हाळ्यात, सांधा सर्वात मिटलेला असताना भरल्यास थंडीत तो तीस टक्के उघडतो आणि सीलंट कडेपासून सुटते. तेच सीलंट, तोच कामगार, फरक फक्त महिन्याचा. त्यात सुकण्याचे आकुंचन अजून धरलेलेच नाही. उघड्या सांध्यात मग वाळू आणि खडे जातात, उन्हाळ्यात स्लॅबला वाढायला जागा उरत नाही, आणि सांध्याच्या कडांचे टवके उडतात. प्रत्येक वर्षी थोडी माती आत, प्रत्येक वर्षी थोडी जागा कमी.

जिथे पाणी गोठते तिथे हे सगळे कित्येक पटींनी तीव्र होते. पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगते, हे शाळेत शिकवले जाते आणि बहुतेक स्पष्टीकरणे तिथेच थांबतात. काँक्रीटमधली अडचण थोडी वेगळी आहे. छिद्रांत बर्फ होऊ लागला की न गोठलेले पाणी लगद्यातून बाजूला ढकलले जाते. जवळ रिकामी जागा असेल तर ते तिथे जाते. जागा दूर असेल तर वाटेतल्या घट्ट लगद्याच्या विरोधामुळे दाब वाढत जातो आणि लगदा फाटतो. काँक्रीटचे संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी १९४५ मध्ये हा विचार मांडला. पुढे त्यांनी स्वतःच तो सुधारून दाखवले की न गोठलेले पाणी बर्फाकडे ओढलेही जाते. उपाय मात्र दोन्हीतून एकच निघतो. लगद्यातल्या कुठल्याही बिंदूपासून हवेचा बुडबुडा ०.२ मिलिमीटरहून दूर नको.

हा उपाय त्यांच्याआधी योगायोगाने हाती लागला होता. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या काही रस्त्यांचे काँक्रीट इतरांपेक्षा फारच चांगले टिकत असल्याचे दिसले. त्यांचे सिमेंट दळताना प्राण्यांची चरबी वापरली होती आणि तिने काँक्रीटमध्ये बारीक फेस धरला होता. आज तेच काम एअर-एन्ट्रेनिंग ॲडमिक्स्चर, म्हणजे मिश्रणात बारीक हवा धरणारे रसायन, करते. २० मिलिमीटर खडीच्या काँक्रीटला कडक थंडीत सुमारे ६ टक्के हवा लागते. पण नुसती टक्केवारी पुरत नाही. मोठे मोजके बुडबुडे आणि लहान असंख्य बुडबुडे यांची टक्केवारी सारखी भरते, संरक्षण दुसरेच देतात. फ्लाय ॲशमध्ये न जळलेला कोळसा जास्त असेल तर तो ॲडमिक्स्चर शोषून घेतो आणि हवा अचानक घटते. पंपातून जाताना हवा कमी होते. म्हणून मापन ट्रकच्या तोंडाशी केले आणि काँक्रीट पंपाने चढवले, तर त्या मापनाला अर्थ उरत नाही. ते पाइपच्या शेवटी घ्यायचे.

आणि इथे पैशाचा प्रश्न उघडा पडतो. हवा १ टक्का वाढली की दाबाची ताकद साधारण ५ टक्क्यांनी घटते. थंडीत टिकणारे काँक्रीट बनवणारा कंत्राटदार क्यूबच्या यंत्रावर वीस टक्क्यांपर्यंत मागे पडतो, आणि ती तूट भरायला त्याला पाणी कमी करावे लागते, मिश्रण सांभाळावे लागते, खर्च करावा लागतो. हवा न घालणाऱ्याचा क्यूब सहज पास होतो. पहिल्याचे काँक्रीट शेकडो फेरे सोसेल, दुसऱ्याचे पहिल्या काही हिवाळ्यांत पोपडे धरेल, आणि बिल दोघांचे सारखेच, किंवा दुसऱ्याचे आधी. व्यवस्था प्रामाणिक माणसाला दंड करते, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला, टिकाऊपणाची चाचणी फार वेळखाऊ आहे. खरे आहे. गोठण्या-वितळण्याच्या प्रचलित चाचणीत नमुना ४ अंशांवरून उणे १८ वर नेऊन परत आणतात, एका फेऱ्याला दोन ते पाच तास, असे ३०० फेरे. यंत्र अखंड चालले तरी महिना ते दोन महिने. नमुन्याचा कंपनांक मोजून त्यावरून लवचिकता मापांक, म्हणजे ताठरपणाचे माप, काढतात, आणि तो मूळच्या ६० टक्क्यांवर उतरला की चाचणी थांबवतात. हे प्रत्येक ट्रकला शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. मिश्रण मंजूर करतानाच एकदा ही चाचणी करायची. नंतर जागेवर फक्त त्या मिश्रणाशी इमान राखले जाते की नाही ते पाहायचे. काँक्रीटमधली हवा मोजणारा दाबमापक दहा मिनिटांत उत्तर देतो, थर्मामीटर त्याहून लवकर.

दुसरा आक्षेप असा की पाणी-सिमेंट गुणोत्तराच्या (पाण्याचे वजन भागिले सिमेंटचे वजन) मर्यादा नियमांत आधीच आहेत. आहेत, कागदावर. सहा घनमीटरच्या ट्रकमध्ये काँक्रीट घट्ट वाटले म्हणून ६० लिटर पाणी सोडले, तर ३५० किलो सिमेंटच्या मिश्रणाचे गुणोत्तर ०.०३ ने चढते; ०.४५ चे ०.४८ होते. क्यूब कदाचित तरीही पास होईल, कारण त्यात राखीव ताकद ठेवलेली असते. पृष्ठभाग घासताना पाणी शिंपडले, किंवा वर आलेले पाणी उडून जायच्या आत ट्रॉवेल फिरवला, तर वरच्या दोन-तीन मिलिमीटरचे गुणोत्तर किती झाले ते कुणीच मोजत नाही. तापमानाचा मार मात्र सर्वात आधी त्याच थराला बसतो. बर्फ वितळवायला मीठ टाकतात तिथे तर विशेषच, आणि सर्वात जास्त पोपडे तीव्र खारटाने नव्हे तर तीन-चार टक्क्यांच्या सौम्य द्रावणाने उडतात.

तिसरा आक्षेप खर्चाचा. यातला मोठा भाग खर्चाचा नाहीच, शिस्तीचा आहे. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटावे म्हणून खाच ठेवणे, गच्चीला पुरेसा उतार देणे, स्लॅब आणि भिंत यांच्यात सरकता थर घालणे, यांचा खर्च एकूण कामात नगण्य असतो. कोरडे काँक्रीट कितीही वेळा गोठले तरी फारसे बिघडत नाही. पाणी काढून दिले की निम्मी लढाई संपते.

मग निविदेत काय लिहावे? २८ दिवसांचा क्यूब राहू द्या, पण स्लॅग किंवा फ्लाय ॲशच्या मिश्रणांना ५६ वा ९० दिवसांची मुदत द्या. खडीचा प्रसरणांक मोजून सांध्यांचे अंतर त्यावरून ठरवा. मीटरभराहून जाड प्रत्येक भागात गाभ्यात आणि कडेला तापमापक तारा बसवा आणि शटरिंग कोणत्या दिवशी काढायचे ते कॅलेंडरने नाही, त्या दोन आकड्यांमधल्या फरकाने ठरू द्या. गोठणाऱ्या प्रदेशात हवेची टक्केवारी पंपाच्या टोकाशी मोजून प्रत्येक ट्रकची नोंद मागा, आणि घट्ट झालेल्या काँक्रीटचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुडबुड्यांमधले अंतर तपासा. ताज्या काँक्रीटला साडेतीन मेगापास्कल ताकद येईपर्यंत पहिल्यांदाही गोठू देऊ नका. सांधे कापायची जबाबदारी कुठल्या पाळीची, ते नावानिशी लिहा.

आणि शेवटच्या बिलाचा एक हिस्सा एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण हिवाळा जाईपर्यंत अडवून ठेवा. त्यानंतर थंडीच्या पहाटे, सांधे सर्वात उघडे असताना पाहणी करा. सीलंट कडेला चिकटून आहे का, ०.३ मिलिमीटरहून रुंद भेगा कुठे आहेत, त्यातल्या कुठल्या सळईपर्यंत पाणी नेऊ शकतात, याचा नकाशा करा आणि मगच पैसे सोडा. हीच पाहणी पुढे दरवर्षी मालक खात्याने स्वतःच्या खर्चाने करायची, कारण सीलंटचे आयुष्य काँक्रीटपेक्षा कितीतरी कमी असते आणि ते बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात नसेल, तर कंत्राटदाराने कितीही उत्तम काम केले तरी पाणी पाचव्या-सहाव्या वर्षी आत जाणारच.